मूल नाही, तरी दूध : मेंदूतल्या नाक्याची गोष्ट

वर्षावासाच्या दिवसांत आम्ही रत्नागिरीच्या मांडवी भागातल्या एका वस्तीत रक्तदाब आणि साखर या विषयावर बोलायला गेलो होतो. बाहेर पाऊस, त्यामुळे विहार भरलेला. बैठक संपली, खीर वाटून झाली, मुलांनी सतरंज्या गुंडाळल्या, तरी एक आई दाराशी तशीच उभी होती. सगळे गेल्यावर ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, जरा बाजूला येता काय? सगळ्यांसमोर सांगण्यासारखं नाय."

तिची मुलगी तेवीस वर्षांची, अविवाहित. वर्षभरापूर्वी तिची झोप उडाली. कानात आवाज येतात म्हणायची. जेवणात कुणी काही घातले आहे या भीतीने ताट सरकवायची. घरच्यांनी वेळेत मानसोपचार तज्ज्ञांना दाखवले. गोळी सुरू झाली आणि दोन महिन्यांत पोरगी माणसांत आली, पुन्हा कामाला जाऊ लागली. आणि मग पाळी थांबली. एक महिना गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. एके दिवशी तिच्या ड्रेसवर छातीशी ओला डाग दिसला. आईने पाहिले तर दूध.

पुढे त्या घरात काय झाले असेल याची कल्पना वाचकांना येईल. "खरं सांग" म्हणून मुलीला रात्रभर बसवले. ती रडत होती आणि सांगण्यासारखे तिच्याकडे काहीच नव्हते. मेडिकलमधून लघवी तपासण्याचे कार्ड आणले, एकदा नव्हे दोनदा. दोन्ही वेळा एकच रेघ, म्हणजे दिवस गेलेले नाहीत. तरी चुलतीने बाहेरच्या बाधेची शंका काढलीच. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही कुजबूज शिरायला वेळ लागत नाही, हे आम्ही लपवणार नाही. शेवटी आईने ठरवले की हे सगळे त्या गोळ्यांनी केले, आणि पाकिटे चुलीत घातली. चार आठवड्यांत आवाज परत आले.

आई अर्धी बरोबर होती. दूध आले ते गोळीमुळेच. पण गोळी तोडणे हा त्यावरचा उपाय नव्हता. ही गोष्ट होऊ शकते असे गोळी सुरू करताना त्या घराला कुणी सांगितले नव्हते. सांगितले असते तर ती रात्र टळली असती. म्हणून या वेळचे पान याच विषयाला दिले आहे.

दूध तयार करण्याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या एका ग्रंथीकडून येतो. तिला पिट्यूटरी म्हणतात, मराठी पुस्तकांत पीयूषिका. आकार वाटाण्याएवढा, जागा नाकाच्या मुळामागे, कवटीच्या हाडातल्या एका खोलगट खळग्यात. या ग्रंथीतून निघणारी रसायने रक्तात मिसळून लांबच्या अवयवांपर्यंत पोचतात. त्यांना आपण हार्मोन म्हणतो, शाळेच्या पुस्तकात संप्रेरक. थायरॉइडला कामाला लावणारे एक, अंडाशयाला जागे करणारी दोन, उंची वाढवणारे एक, आणि दुधाचे एक. त्या दुधाच्या हार्मोनचे नाव प्रोलॅक्टिन.

पिट्यूटरीच्या वर, मेंदूचाच एक लहान भाग तिच्यावर लक्ष ठेवून असतो. त्याला हायपोथॅलॅमस म्हणतात. तिथल्या चेतापेशी रसायनांचे बारीक थेंब सोडतात आणि केसासारख्या रक्तवाहिन्यांच्या जाळीतून ते थेंब खाली पिट्यूटरीकडे जातात. हे मेंदूचे निरोपे. कोणते हार्मोन किती सोडायचे ते निरोप्यावर अवलंबून.

मेंदू आणि मज्जातंतूंचे निरोप हार्मोनवर कसे चालतात याचा एक ढोबळ अनुभव कोकणात घरोघरी आहे. लाल विंचू चावला की माणसाला दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, छातीत धडधड होते. विंचवाचे विष मज्जातंतूंना थांबू देत नाही. ते निरोपामागून निरोप पाठवत राहतात आणि मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथी अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात ओतत सुटतात. त्या पुरात हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी अशा रोग्यांना देऊन हा पूर आवरून दाखवला. पूर्वी दगावणारी कितीतरी माणसे त्यामुळे वाचली. तिथे निरोप असतो "सोडा, सोडा" असा.

दुधाच्या बाबतीत मात्र उलटे आहे. पिट्यूटरीतली बाकीची हार्मोन्स वरून "सोडा" असा निरोप आला तरच हलतात. प्रोलॅक्टिनच्या पेशी निरोपाची वाटच पाहत नाहीत, त्या कायम सोडायला तयार असतात. मेंदू त्यांना दिवसरात्र "थांबा" म्हणत असतो. हा "थांबा" सांगणाऱ्या निरोप्याचे नाव डोपामिन.

मांडवी या शब्दाचा जुना अर्थ बंदरावरचा जकातीचा नाका असा आहे. तोच दाखला घेऊ. गलबतात माल भरलेला आहे, शीड चढवलेले आहे. पण नाक्यावर नाकेदार खुर्ची टाकून बसलाय आणि तो सोडत नाही. तो उठला की गलबत निघालेच. डोपामिन हा तो नाकेदार. प्रोलॅक्टिनच्या पेशींवर त्याच्यासाठी ठरलेल्या जागा आहेत, त्या त्याच्या खुर्च्या समजा. तो खुर्चीत बसला की माल अडतो.

हे शास्त्रज्ञांना कसे कळले? १९५४ साली अमेरिकेत जॉन एव्हरेट यांनी उंदरांची पिट्यूटरी मेंदूखालून काढून मूत्रपिंडाच्या वेष्टनाखाली लावली. मेंदूशी संबंध तुटल्यावर ग्रंथी मुकी व्हायला हवी होती. बाकीची हार्मोन्स खरोखरच खाली गेली. प्रोलॅक्टिन मात्र वाहतच राहिले. म्हणजे मेंदू त्याला हाकत नव्हता, अडवत होता. अडवणारा कोण, ते पुढे काही वर्षांनी कळले, आणि त्यात आपल्या सह्याद्रीच्या दमट रानातही उगवणाऱ्या एका झुडपाचा हात आहे.

ते झुडूप म्हणजे सर्पगंधा. वेड आणि झोपमोड यांवर तिचे मूळ उगाळून देण्याची रीत आपल्या देशात जुनी. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्यावर लिहिले. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवरचा आपला अनुभव विलायतेच्या हृदयरोगाच्या मासिकात छापला आणि जगाचे लक्ष तिकडे वळले. तीन वर्षांत स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. मग स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिले. ससे कान पाडून, डोळे अर्धे मिटून पडून राहिले, कारण रिसर्पिनने त्यांच्या मेंदूतला डोपामिनचा साठा रिता केला होता. डोपामिन ज्यापासून बनते ते द्रव्य टोचल्यावर तेच ससे उठून चालू लागले. १९५० च्या दशकाच्या शेवटी झालेल्या या कामासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले. आणि रिसर्पिन घेणाऱ्या काही बायकांना मूल नसताना दूध येत होते. नाकेदारच नाक्यावरून गेल्यावर दुसरे काय होणार?

(हे वाचून कुणी बाजारातून मूळ आणून उगाळू नये. रिसर्पिनने मन इतके खचते की डॉक्टरांनीही ते मनाच्या आजारासाठी केव्हाच मागे टाकले आहे.)

आता त्या मुलीच्या गोळीकडे येऊ. डोपामिन हा निरोप्या मेंदूत एकाच वाटेवर नसतो. एक वाट विचारांची आणि भासांची आहे. तिथे त्याची धावपळ फार वाढली की नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेला संशय खरा वाटतो. दुसरी वाट हालचालींची. तिसरी ही हायपोथॅलॅमसकडून पिट्यूटरीकडे उतरणारी. आवाजांच्या आजारावरची बहुतेक औषधे डोपामिनच्या खुर्च्यांवर स्वतः जाऊन बसतात, म्हणजे डोपामिनला बसायला जागा उरत नाही. पहिल्या वाटेवर हे हवेच असते, त्यानेच आवाज थांबतात. पण गोळी पोटात गेली की ती तिन्ही वाटांवर पोचते. दुसऱ्या वाटेवर तिच्यामुळे हात थरथरतात, अंग ताठते. तिसऱ्या वाटेवर नाक्याची खुर्ची अडते. तिथे बसलेला हा परका माणूस "थांबा" म्हणत नाही. गलबते सुटतात. रक्तात प्रोलॅक्टिन वाढते, स्तनांत दूध येते.

आणि पाळी? निसर्गाने अंगावर पाजणाऱ्या बाईसाठी एक सोय ठेवली आहे. प्रोलॅक्टिन वाढलेले असले की मेंदू समजतो कडेवर मूल आहे, आणि अंडाशयाला जागे करणारे निरोप आवरते घेतो. बीज सुटत नाही, पाळी येत नाही. गोळीने वाढलेले प्रोलॅक्टिनही मेंदूला तेच सांगते. मूल आहे की नाही हे पाहायला मेंदूला डोळे नाहीत, त्याला फक्त रक्तातले प्रमाण कळते. त्या मुलीच्या चारित्र्याचा यात कुठेही संबंध नाही. बाधेचा तर नाहीच.

सगळ्या गोळ्यांत ही खोड सारखी नसते. रिस्पेरिडॉन आणि अमिसल्प्राइड यांत ती जास्त, हॅलोपेरिडॉलमध्येही आहे. ऑलान्झापिनमध्ये कमी, क्वेटियापिन आणि अ‍ॅरिपिप्राझोलमध्ये आणखी कमी. म्हणून डॉक्टरांच्या हातात मार्ग असतात. मात्रा थोडी उतरवता येते, गोळी बदलता येते, किंवा आहे ती ठेवून अ‍ॅरिपिप्राझोलची लहान मात्रा जोडता येते. प्रोलॅक्टिन थेट खाली आणणारी कॅबरगोलिनसारखी गोळीही मिळते. पण ती डोपामिनचेच काम करते, त्यामुळे भास परत उफाळू शकतात. अशा रोग्याला ती मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नये. हे सगळे हळूहळू, तज्ज्ञांच्या नजरेखाली करायचे काम आहे. एका दिवसात गोळी तोडली तर काय होते ते वर सांगितलेच.

पुरुषांबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून आम्ही बोलतो. प्रोलॅक्टिन पुरुषांतही असते आणि याच गोळ्यांनी त्यांच्यातही वाढते. इच्छा कमी होते, संबंध जमत नाही, कधी छाती सुजल्यासारखी होते. बाई निदान आईजवळ बोलते. पुरुष कुणाशीच बोलत नाही, गुपचूप गोळी बंद करतो आणि तीन महिन्यांनी घरच्यांना वाटते, दारूमुळे पुन्हा बिघडला. घरात कुणी अशी गोळी घेत असेल तर बायकोने किंवा भावाने एकदा मोकळेपणाने विचारावे, "काही त्रास होतो का, तो डॉक्टरांना सांगू का?"

आता दुसरी गोष्ट, जी वस्तीत कदाचित याहून जास्त घरांत असेल. मनाचा आजार नाही, वेडाची गोळी नाही, तरी पाळी पुढे जाते किंवा दूध येते. अशा वेळी आम्ही आधी विचारतो, गॅसची कॅप्सूल घेता का? कितीतरी घरांत सकाळी उपाशीपोटी ती घेतली जाते, महिनोन्‌महिने, मेडिकलवाल्याने एकदा दिली म्हणून. आंबटपणा कमी करणारे पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोल हे त्यातले एक औषध. त्याच्या जोडीला बहुतेक वेळा दुसरे असते, पोट पुढे ढकलणारे, उलटी थांबवणारे. ते डॉमपेरिडोन असते किंवा लेव्होसल्पिराइड. ही दोन्हीही डोपामिनच्या खुर्चीवर बसणारीच. उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइडही त्याच कुळातले. पिट्यूटरीचा नाका या औषधांना सहज लागतो. नावापुढे 'डीएसआर' अशी अक्षरे असली तर आत डॉमपेरिडोन आहे असे समजावे. पाकिटाच्या मागे बारीक इंग्रजीत औषधांची खरी नावे छापलेली असतात, घरातल्या शाळकरी मुलाला ती मोठ्याने वाचायला लावा.

आम्ही एक जोडपे पाहिले आहे. मूल होत नाही म्हणून दोन वर्षे डॉक्टर बदलले, सोनोग्राफ्या केल्या, सासूने सुनेला बोलायचे ते बोलून घेतले. सून रोज लेव्होसल्पिराइडची कॅप्सूल घेत होती आणि ती "औषध" आहे असे तिला वाटतच नव्हते, म्हणून तिने कुठल्याच डॉक्टरांना सांगितले नाही. जळजळीची कॅप्सूल आठ-पंधरा दिवसांची असते. त्याहून जास्त लागत असेल तर जळजळ का होते हे शोधायला हवे. ही कॅप्सूल वेडाच्या गोळीसारखी नाही. मेडिकलमधून स्वतःहून सुरू केली असेल तर ती थांबवून डॉक्टरांना दाखवायला हरकत नाही.

दूध दिसले की काय करायचे, तेही सांगतो. आधी दिवस गेलेत का ते लघवीच्या कार्डाने पाहावे, आणि ते रागाने नव्हे. मुलीला शेजारी बसवून, सगळ्याच बायकांची ही पहिली तपासणी असते असे सांगून. मग सरकारी दवाखान्यात रक्तातले प्रोलॅक्टिन आणि थायरॉइड दोन्ही तपासायला सांगावे. थायरॉइड मंद असले तरी प्रोलॅक्टिन वाढते, आणि तो आजार आपल्या बायकांत काही दुर्मीळ नाही. रक्त सकाळी उठल्यावर लगेच देऊ नये, दोन-तीन तासांनी द्यावे, कारण झोपेत प्रोलॅक्टिन आपोआपच चढलेले असते. धावतपळत, भांडून, घाबरून गेल्यानेही आकडा थोडा वाढतो, म्हणून जरा बसून मग सुई घ्यावी. गरोदर नसलेल्या बाईत हा आकडा साधारण २५ नॅनोग्रॅमपर्यंत असतो, लॅबप्रमाणे थोडा इकडेतिकडे. गोळीने तो बहुधा शंभरच्या आत, कधी त्याच्याही वर जातो. दोनशेच्या पुढे असेल, किंवा डोके सतत दुखत असेल, चालताना बाजूच्या वस्तू दिसत नसतील, तर पिट्यूटरीत गाठ आहे का ते पाहावे लागते. ही गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते आणि पुष्कळदा नुसत्या गोळ्यांनी आकसते. पण ती शोधायला उशीर झाला तर दृष्टी जाते.

दूध येते का ते पाहायला रोज स्तन दाबू नयेत. घरोघरी हीच चूक होते. दाबण्याने मेंदूला वाटते मूल पीत आहे, आणि नाका आणखी उघडतो. एकाच बाजूने येत असेल, रक्ताळ असेल, गाठ लागत असेल, तर मात्र हा विषय वेगळा, लगेच दाखवायचे.

"दूध येतंय ते येऊ दे, त्रास तर काही नाही ना," असे म्हणून काही जणी वर्षानुवर्षे गप्प राहतात. पाळी लांबच लांब बंद राहिली की बाईच्या अंगातले इस्ट्रोजेन उतरते आणि हाडे पोकळ होत जातात. पंचविशीतली मुलगी हे आज जाणवू देत नाही, पन्नाशीत मनगट मोडते तेव्हा कळते. सहा महिने पाळी नाही आणि मूलही नाही, हे सोडून देण्याजोगे नाही.

आता जिथे दूध हवे आहे तिथे हाच नाका कसा चालतो ते पाहू, कारण बाळंतिणीच्या घरात यावरून फार गैरसमज असतात. बाळ ओढू लागले की स्तनाच्या टोकाकडून निरोप पाठीच्या कण्यातून मेंदूत जातो आणि तिथे डोपामिन ओसरते. काही मिनिटांत रक्तातले प्रोलॅक्टिन वाढते आणि पुढच्या पाजण्यासाठी दूध तयार होऊ लागते. म्हणजे दूध आधी आणि ओढणे नंतर, असे नसते. ओढल्यावाचून दूध वाढतच नाही. रात्रीचे पाजणे तर फारच मोलाचे, कारण तेव्हा प्रोलॅक्टिन सर्वात जास्त चढते. रात्री बाळाला बाटली देऊन आईला झोपू द्यावे, हे सासवा मायेने करतात. पण एक पाजणे बुडाले की तेवढा वेळ नाकेदार परत खुर्चीत येऊन बसतो.

तयार झालेले दूध बाहेर यायला मात्र दुसरे हार्मोन लागते, ऑक्सिटोसिन. तेही पिट्यूटरीतूनच सुटते, पण तिच्या मागच्या भागातून. ते दुधाच्या पिशव्या आवळते. आपल्या भाषेत याला पान्हा म्हणतात, आणि गाय पान्हा चोरते हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अनोळखी माणूस जवळ आला, कुत्रे भुंकले, की गाय दूध वर ओढून धरते. कासेत दूध असते, भांड्यात येत नाही. बाईचेही तसेच. १९४८ साली अमेरिकेत नाइल्स न्यूटन या अंगावर पाजणाऱ्या बाईने आणि तिच्या डॉक्टर नवऱ्याने हे तिच्यावरच तपासून पाहिले. पाजताना तिचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले, बोटे ओढली, गुणाकार करायला लावले. बाळाला दूध कमी मिळाले. ऑक्सिटोसिनची सुई दिल्यावर तेवढ्याच त्रासात दूध पुन्हा आले. म्हणजे दूध होते, अडले होते ते पान्ह्यापाशी. (तबेल्यात म्हशीला टोचतात ते इंजेक्शन याच ऑक्सिटोसिनचे. त्याचा हा गैरवापर बेकायदा आहे.)

आता आपल्या एका खोलीच्या घराचा विचार करा. दार उघडे, दीर-सासरे समोर, टीव्ही चालू, दर घटकेला कुणीतरी विचारतो, "दूध आलं का? बाळ का रडतंय?" बाळंतीण ओढणीखाली घाम पुसत बसते. भीती आणि लाज यांनी अंगात अ‍ॅड्रिनॅलिन वाढते आणि पान्हा अडतो. बाळ रडते. घर निकाल देते, "हिला दूधच नाही." पावडरचा डबा येतो. बाळ ओढणे कमी करते, डोपामिन पुन्हा नाका धरते, आणि आठ दिवसांत दूध खरोखरच कमी होते. घराने सांगितलेले खोटे घरानेच खरे करून दाखवले. इथे डबा नको, पडदा हवा. एक साडी दोरीवर टाकून कोपरा करा, विचारपूस थांबवा, कुणी तिची पाठ चोळा, पेज द्या. आणि बाळाची लघवी दिवसातून सहा-सात वेळा होत असेल, वजन वाढत असेल तर दूध पुरते आहे, रडण्यावरून ठरवू नका.

बाळंतिणीला उसंत हवी हे औषधशास्त्र सांगते, आणि राज्यकर्त्यांना ते बाबासाहेबांनी सांगितले. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या फायद्याच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला होता. पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. आज आपल्या ज्या भगिनी घरकाम किंवा बांधकामावर जातात, त्यांतल्या अनेकींना अजूनही बारा-पंधरा दिवसांत कामावर परतावे लागते, हे लिहिताना बरे वाटत नाही.

अंगावर पाजते म्हणून दिवस जाणार नाहीत, या समजुतीबद्दल एक खुलासा. ती खरी आहे, पण तीन अटींवर. बाळ सहा महिन्यांच्या आतले हवे. त्याला दिवसरात्र फक्त अंगावरचे दूध हवे, पाणीसुद्धा वरून नको. आणि पाळी परत आलेली नको. तिन्ही अटी पाळल्या तर शंभरातल्या दोघींहून कमी जणींना दिवस जातात. एक अट मोडली की भरवसा संपला, मग आशाताईंकडे जाऊन दुसरे साधन घ्यावे.

मनाच्या आजाराच्या गोळ्या कुठे आणि कशा मिळतात असे लोक विचारतात. रत्नागिरीत शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, १८८६ पासूनचे. "मेंटलला नेलं" म्हणजे कायमचे कोंडले अशी भीती जुन्या माणसांच्या मनात आहे, पण तिथे बाहेरून येऊन तपासून, औषध घेऊन घरी जाणारे रोगीही असतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार मिळणे हा हक्क केला आहे. आणि रात्री-अपरात्री काही सुचेनासे झाले तर केंद्र सरकारचा टेलिमानस क्रमांक १४४१६ आहे. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.

त्या मुलीला आम्ही आणि तिची आई दुसऱ्या दिवशी पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन गेलो. आईच्या हातात कागद होता. त्यावर तिने स्वतः लिहिले होते, पाळीची शेवटची तारीख, दूध पहिल्यांदा दिसले तो दिवस, गोळ्या बंद केल्या तो दिवस, आणि चालू असलेली सगळी औषधे, गॅसच्या कॅप्सूलसकट. असा कागद प्रत्येकाने नेला तर डॉक्टरांचेही अर्धे काम होते. रक्त तपासले, प्रोलॅक्टिन वाढलेले निघाले, थायरॉइड ठीक. दुसरी गोळी हळूहळू वाढवत नेली. आवाज आधी थांबले. दूध थांबायला आणखी काही आठवडे लागले.

पाळी आली त्या दिवशी आईचा फोन आला. चुलतीला सांगितलेत का, असे आम्ही विचारले. "तिलाच आधी सांगितलं," आई म्हणाली, "आणि विहारातल्या बाकीच्या बायांना तुमी येऊन सांगा. माझ्यानं एवढं डोपामिन-बिपामिन बोलवत नाय."